फोटोला चौकट करताना: नाव, गाव आणि साल यांना जागा ठेवा

कार्यक्रम उद्या सकाळी दहाला आणि फोटोची फ्रेम आज रात्रीच हवी, ही आपल्या वस्त्यांमधली नेहमीची घाई. मग मोबाइलवर ‘श्रद्धांजली फ्रेम’ शोधली जाते, पहिली दिसेल ती उचलली जाते आणि पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात उपासिकेच्या फोटोभोवती दोन समया, वर ॐ, खाली ‘कै.’ असे छापून येते. त्याच घरात भिंतीवर बावीस प्रतिज्ञांची पाटी असते. कोणी हे मुद्दाम केलेले नसते. तयार साचा जसा मिळाला तसा वापरला गेला, इतकेच.

साधी चौकट करायला असा तयार साचा लागत नाही. फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, एकदा हात बसला की, दहा मिनिटांचे काम आहे. ते कसे करावे हे आम्ही या लेखात सांगणार आहोत. त्याबरोबर एक आग्रहही धरणार आहोत: चौकट करायचीच असेल तर फोटोखाली एक रिकामी पट्टी सोडा आणि तिच्यावर माणसाचे नाव, गाव आणि साल लिहा.

हा आग्रह का, ते आधी सांगतो. जुन्या छापील फोटोंच्या मागे बहुधा काहीतरी लिहिलेले असते. कधी निळ्या शाईत तारीख, कधी स्टुडिओचा शिक्का, कधी ‘नागपूरहून येताना’ एवढेच. आता घरोघरी त्या फोटोचा मोबाइलने फोटो काढला जातो. मोबाइल समोरची बाजू टिपतो, पाठ तशीच राहते. तो फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर जातो, तिथून दुसऱ्या ग्रुपवर जातो, आणि चार वर्षांनी ‘हे कोण?’ असा प्रश्न घेऊन परत येतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर पंधरा वर्षांचा असलेला माणूस आज पंच्याऐंशीच्या घरात आहे. फोटोतले चेहरे ओळखणारी ही शेवटची पिढी. फोटोच्या पाठीवरचा मजकूर समोर आणायला चौकटीची खालची पट्टी ही सगळ्यात सोपी जागा आहे.

कोणी म्हणेल, डिजिटल फोटोच्या फाइलमध्येच माहिती भरता येते, मग वर लिहायचे कशाला? भरता येते हे खरे, आणि भरावीही. पण व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की फाइलच्या पोटातली ही माहिती गळून पडते. पट्टीवर लिहिलेले अक्षर मात्र फोटो जिथे जाईल तिथे बरोबर जाते.

आधी चांगली प्रत

भिंतीवरच्या तसबिरीचा काचेसकट फोटो काढला तर त्यात ट्यूबलाइट आणि फोटो काढणाऱ्याचा हात दिसतो. शक्य असेल तर तसबीर उघडून फोटो बाहेर काढा. पण तो ओलीने काचेला चिकटला असेल तर ओढू नका. कोकणातल्या आणि मुंबईच्या चाळींतल्या तसबिरींत हे हमखास होते, आणि ओढला की नेमका चेहऱ्याचा भाग काचेवर राहतो. चिकटलेला फोटो काचेसकटच, खिडकीच्या आडव्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून टिपा. काचेवरची चमक कमी करण्यासाठी गूगलचे ‘फोटोस्कॅन’ हे फुकट ॲप आहे. ते चार कोपऱ्यांतून वेगवेगळे फोटो घेऊन त्यांचा एक करते.

सुटा फोटो असेल तर स्कॅनर केव्हाही बरा. पासपोर्टपेक्षा थोडा मोठा, २ बाय ३ इंचांचा फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन केला की १२०० बाय १८०० पिक्सेलची फाइल मिळते. फोटो लॅबमध्ये चांगल्या छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल धरतात, म्हणजे ही फाइल ४ बाय ६ इंचांपर्यंत स्वच्छ छापता येते. त्याच फोटोची व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत साधारण १६०० पिक्सेल लांबीपर्यंत आक्रसलेली असते, आणि दोन-तीनदा फिरून आली असेल तर चेहऱ्यावर चौकोनी डागही पडलेले असतात. म्हणून फोटो मागवताना ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असे सांगा. या एका वाक्याने अर्धे काम सुधारते.

मूळ स्कॅन कधीही बदलू नका. त्याची प्रत करा आणि चौकट त्या प्रतीला घाला.

गिम्पमध्ये चौकट

फोटो संपादनाची पैसे देऊन घ्यायची सॉफ्टवेअर आहेत आणि आपल्या भागातल्या बऱ्याच संगणकांवर त्यांच्या चोरट्या प्रती बसवलेल्या असतात. त्यांची गरज नाही. गिम्प हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे, विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर चालते, आणि विहाराच्या वाचनालयातल्या जुन्या संगणकावरही उघडते.

सर्वात सोपा रस्ता असा. फोटो उघडा. ‘फिल्टर्स’ मेनूत ‘डेकोर’, त्यात ‘ॲड बॉर्डर’. येणाऱ्या खिडकीत या गोष्टी विचारल्या जातात: आडव्या बाजूची जाडी, उभ्या बाजूची जाडी, रंग, आणि ‘डेल्टा व्हॅल्यू’. ही शेवटची गोष्ट बरेच जण तशीच सोडतात. ती चौकटीच्या चार बाजूंना कमीअधिक उजळ करून लाकडी पट्टीसारखा उठाव देते. सपाट, स्वच्छ किनार हवी असेल तर तिथे सगळ्यात लहान आकडा भरा. मग ‘ओके’. चौकट फोटोच्या बाहेर वाढते, फोटोतला एकही भाग कापला जात नाही.

हेच फिल्टर दोन-तीनदा लागोपाठ वापरले की चांगली चौकट तयार होते. आधी ४ पिक्सेलची गडद रेघ, मग १०० पिक्सेलची पांढरी किनार, मग बाहेरून २० पिक्सेलची निळी. साडीला आधी बारीक कड, मग काठ, तसेच. तसबिरीच्या दुकानात फोटोभोवती जो पांढरा जाड कागद लावतात, ज्याला माउंट म्हणतात, त्याचे काम इथे पांढरी किनार करते. ती चेहरा आणि रंगीत चौकट यांच्यात अंतर ठेवते. हे अंतर नसले की नजर चेहऱ्याआधी चौकटीवर जाते.

‘डेकोर’मध्ये आणखीही गमती आहेत. गोल कोपरे, विरघळती किनार, जुनाट फोटोचा आभास, अगदी कॉफीच्या कपाचे डागसुद्धा. यातला जुनाट आभास जुन्या फोटोला कृपा करून देऊ नका. तो आधीच जुना आहे.

आता खालची पट्टी. त्यासाठी ‘इमेज’ मेनूतले ‘कॅनव्हास साइज’ वापरायचे. रुंदी आणि उंचीच्या आकड्यांशेजारी साखळीचे चिन्ह असते. ते आधी तोडा, नाहीतर उंची वाढवली की रुंदीही वाढते. मग उंची हवी तेवढी वाढवा आणि ‘ऑफसेट’चे आकडे ० ठेवा. वाढलेली जागा सगळी खाली येते. मागचा रंग पांढरा आहे ना, हे अवजारांच्या खोक्यात पाहा आणि ‘इमेज’मधून ‘फ्लॅटन इमेज’ करा. रिकामी जागा पांढरी होते. तिच्यावर मजकूर लिहायचा.

लॅब फ्रेम का कापते

लॅबमधून आलेल्या फोटोची चौकट एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला गायब असते, ही तक्रार आम्ही फार वेळा ऐकली आहे. दोष लॅबला दिला जातो. खरे कारण गणिताचे असते.

४ बाय ६ च्या कागदाचे प्रमाण २:३ आहे. १२०० बाय १८०० पिक्सेलचा फोटो त्यावर नेमका बसतो. त्याला चारी बाजूंनी १००-१०० पिक्सेलची किनार लावली की तो १४०० बाय २००० होतो, आणि हे प्रमाण २:३ राहत नाही. यंत्र कागद पूर्ण भरायला जाते आणि कडा कापते. १४०० रुंदीला २:३ च्या हिशेबाने २१०० उंची लागते. म्हणजे १०० पिक्सेल कमी पडतात. ते खाली द्या. वर १००, बाजूंना १००, खाली २००. फोटो कागदावर नेमका बसतो आणि नावाची पट्टी आपोआप मिळते.

गिम्पमध्ये हे एका झटक्यात करता येते. १२०० बाय १८०० च्या फोटोला आधी ‘ॲड बॉर्डर’ने ४ पिक्सेलची गडद रेघ द्या. तो १२०८ बाय १८०८ होईल. मग ‘कॅनव्हास साइज’मध्ये रुंदी १४००, उंची २१०० आणि दोन्ही ऑफसेट ९६ भरा. ‘फ्लॅटन इमेज’. झाले.

आडव्या फोटोला, म्हणजे बहुतेक सगळ्या समूह छायाचित्रांना, हाच हिशेब जमत नाही. १८०० बाय १२०० ला खाली जास्त जागा द्यायची तर बाजूंच्या किनारीही फुगवाव्या लागतात. तेव्हा कागद बदला. ५ बाय ७ घ्या. बाजूंना १००-१००, वर ९०, खाली १४० दिले की २००० बाय १४३० होते आणि ते ७:५ च्या कागदावर जवळपास नेमके बसते.

जुने फोटो मात्र कोणत्याच आजच्या कागदाच्या मापात नसतात. ते मापात बसवण्यासाठी फोटो कापू नका, किनारी कमीजास्त करा. समूह छायाचित्रात कडेला उभी असलेली माणसेच आधी कापली जातात. कडेला कोण उभे असते हे आपल्याला चांगले माहीत आहे: स्वयंपाक सांभाळणाऱ्या बाया, पाणी भरणारी पोरे, ढोलकीवाला.

आणखी एक: लॅबचे यंत्र कागदाच्या कडेने दोन-तीन मिलिमीटर खाते. अगदी बाहेरच्या कडेला बारीक रेघ काढू नका. ती एका बाजूला दिसेल, एका बाजूला नाही. बारीक रेघ फोटोला लगटून आत असावी.

मोबाइलवर करायचे असेल तर

प्रत्येकाकडे संगणक नसतो, हे आम्ही धरूनच चालतो. ‘स्नॅपसीड’ या फुकट ॲपमध्ये ‘एक्स्पांड’ नावाचे अवजार आहे. त्याने फोटोची कडा बाहेर ओढता येते, फक्त खालची बाजूही ओढता येते. वाढलेली जागा कशाने भरायची याचे तीन पर्याय येतात. त्यातला ‘व्हाइट’ निवडा. ‘स्मार्ट’ निवडला तर ॲप फोटोतलीच भिंत, गवत, माणसांचे हात यांची ठिगळे जोडून खोटी पार्श्वभूमी तयार करते. मग त्याच ॲपच्या ‘टेक्स्ट’ अवजाराने नाव लिहा.

‘कॅनव्हा’ आपल्या तरुण कार्यकर्त्यांच्या हातात चांगला बसला आहे. तिथे एक घोळ लक्षात ठेवा. कॅनव्हात ‘फ्रेम’ म्हणजे किनार नव्हे. फोटो ज्यात ओतायचा तो साचा, म्हणजे गोल, चौकोन, पान, अक्षर. साच्याबाहेरचा फोटो दिसेनासा होतो. एकट्या माणसाच्या फोटोला ठीक आहे, समूह छायाचित्राला नाही. तिथे साधा पांढरा चौकोन टाकून त्यावर फोटो थोडा लहान ठेवणे हाच बरा उपाय.

दीडशे-दोनशे फोटो असतील, समजा धम्म परिषदेचे किंवा श्रामणेर शिबिराचे, तर एकेक करत बसू नका. विंडोजवरचे ‘इरफानव्ह्यू’ खासगी वापराला फुकट आहे. त्याच्या बॅच सोयीत कॅनव्हासचे माप एकदा ठरवले की ते सगळ्या फोटोंना एकदम लागते.

किनारीवर काय असावे

आमचे मत विचाराल तर बहुतेक फोटोंना पांढरी किनार आणि एक गडद रेघ पुरते. पण जयंती, मंगल परिणय, विहाराचा वर्धापन दिन अशा वेळी थोडी नक्षी हवीशी वाटते, आणि ती का असू नये? फक्त ती उचलताना कुठून उचलतो हे पाहावे. बाजारातल्या साच्यांत कलश, स्वस्तिक, गणपती आधीच बसवलेले असतात. ते पुसत बसण्यापेक्षा आपल्याकडे काय आहे ते पाहू.

पिंपळपान घ्या. खरेच घ्या, झाडाचे. पांढऱ्या कागदावर सपाट ठेवून उजेडात फोटो काढा. गिम्पमध्ये ‘कलर्स’ मेनूतल्या ‘थ्रेशोल्ड’ने ते ठसठशीत काळे करा आणि ‘कलर टू अल्फा’ने मागचा पांढरा रंग काढून टाका. पीएनजी म्हणून ठेवा, कारण जेपीईजीमध्ये पारदर्शक भाग टिकत नाही. हे पान ‘ओपन ॲज लेयर्स’ने कोणत्याही फोटोवर आणता येते. लहान करून एका कोपऱ्यात बसवा. समोरच्या कोपऱ्यासाठी ‘लेयर’, ‘ट्रान्सफॉर्म’, ‘फ्लिप हॉरिझॉन्टली’. आपल्याच विहाराच्या आवारातल्या पिंपळाचे पान असेल तर ही नक्षी दुसऱ्या कोणाकडे नसणार.

लेण्यांत तर खजिना आहे. भाजे आणि कार्ले इथल्या चैत्यगृहांची घोड्याच्या नालेसारखी कमान, अजिंठ्याच्या १९ आणि २६ क्रमांकांच्या लेण्यांच्या दर्शनी भागावरची कमान, या फोटोच्या वरच्या बाजूला बारीक रेघेत सुंदर दिसतात. सांचीच्या स्तूपाभोवतीची वेदिका, म्हणजे तो दगडी कठडा, त्याची उभ्या-आडव्या पट्ट्यांची ठेवण हीच एक तयार किनार आहे. अजिंठ्याच्या पहिल्या आणि दुसऱ्या लेण्याच्या छतावरची फुले-पाने पाहून हाताने एक पट्टी काढा, स्कॅन करा, वापरा. मुलांच्या शिबिरात हा एक तासाचा चांगला उपक्रम होतो.

पंचशील ध्वजाचे रंग वापरायचे तर क्रम सांभाळा: निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी, आणि सहावा पट्टा या पाचही रंगांचा मिळून. १८८५ साली श्रीलंकेत पहिल्यांदा फडकलेल्या या ध्वजात रंगांचा क्रम ठरलेला आहे. दिसायला बरे म्हणून मागेपुढे करू नये. चारी बाजूंना पाचही रंग लावले तर फोटो हरवतो. खालच्या पट्टीच्या वर एक बारीक रेघ पुरेशी.

निळ्याबद्दल सावधान. पडद्यावर झगझगीत दिसणारा निळा छापून आला की मळकट किंवा जांभळट होतो, कारण छपाईच्या शाईत तो रंगच बसत नाही. गडद निळा घ्या. रंगाच्या खिडकीत लाल ०, हिरवा ०, निळा १२८ भरले की नेव्ही निळा मिळतो. छपाईत तो थोडा बदलला तरी डोळ्यांना खुपत नाही. मोठ्या कामाआधी लॅबकडून एक लहान नमुना काढून पाहा.

बॅनरविषयी दोन शब्द बोलायलाच हवेत. १४ एप्रिलच्या बॅनरवर बाबासाहेब टपाल तिकिटाएवढे आणि शुभेच्छुक हातभर, हे दरवर्षी दिसते. चौकटीच्या कडेने पंचवीस गोल चेहरे लावले की ती जयंतीची चौकट राहत नाही, वर्गणीदारांची यादी होते. वर्गणीदारांची नावे लिहावीत, जरूर लिहावीत. चेहऱ्यांची गरज नाही. बाबासाहेबांच्या कृष्णधवल फोटोत रंग भरण्याचीही आता लाट आहे. त्यातला कोटाचा, टायचा रंग हा यंत्राचा अंदाज असतो. रंग भरलेला फोटो वापरलाच तर खाली तसे लिहा.

पट्टीवर काय लिहावे

मंगल परिणयाच्या आणि नामकरणाच्या फोटोंचे फार काही अडत नाही. अडते ते निधनाच्या फोटोंपाशी. ‘कै.’ म्हणजे कैलासवासी, ‘स्व.’ म्हणजे स्वर्गीय. कैलास आणि स्वर्ग दोन्ही सोडून आपल्या आजी-आजोबांनी धम्म घेतला. आपल्याकडे ‘कालकथित’ हा शब्द रुळला आहे, तोच लिहावा. ‘श्रद्धांजली’ऐवजी बरेच जण ‘आदरांजली’ किंवा ‘विनम्र अभिवादन’ लिहितात, तेही चांगले. ‘महापरिनिर्वाण’ मात्र तथागतांसाठी आणि ६ डिसेंबरसाठी राहू द्यावे. घरच्या माणसासाठी ‘निधन’ हा साधा शब्द पुरतो.

स्त्रियांची नावे पूर्ण लिहा. जुन्या समूह छायाचित्रांखाली पुरुषांची नावे ओळीने येतात आणि शेवटी ‘व इतर महिला’. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ या १९८९ च्या पुस्तकासाठी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना गाठून त्यांची माहिती जमवली. तेव्हा त्यातल्या अनेकींची कुठे नोंदच नव्हती. आपल्या घरातल्या फोटोखाली तरी ‘अमुक यांच्या पत्नी’ असे लिहून भागवू नये. माहेरचे गाव माहीत असेल तर तेही लिहावे.

सगळी नावे कळत नसतील तर जेवढी कळतात तेवढी लिहा. ‘डावीकडून तिसरे: नाव समजले नाही’ हेही उपयोगी आहे, वाचून कोणीतरी सांगते. साल नक्की नसेल तर ‘अंदाजे १९६५’ लिहा. अंदाज आहे हे लपवून पक्के साल ठोकून दिले की पुढे तेच खरे ठरते. फोटो कोणी काढला हे माहीत असेल तर त्याचे नाव लिहिणे न्यायाचे आहे. शिवाय छायाचित्रावरचा हक्क कायद्याने छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. दुसऱ्याच्या फोटोला आपली चौकट आणि आपल्या मंडळाचे नाव लावल्याने तो आपला होत नाही.

अक्षरांसाठी युनिकोड फॉण्ट घ्या. ‘मुक्ता’, ‘बलू’, ‘नोटो सान्स देवनागरी’ फुकट मिळतात. ‘टिरो देवनागरी मराठी’मध्ये ल आणि श आपल्या मराठी वळणाचे आहेत. गिम्पमध्ये जोडाक्षरे नीट उमटतात. काही सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्यांत ‘बुद्ध’ फुटून येतो आणि वेलांटी भलतीकडे जाते. तसे झाले तर तिथे हट्ट करू नका, मजकूर गिम्पमध्ये लिहा. अक्षर काळे किंवा गडद निळे, पांढऱ्यावर. सोनेरी, सावलीवाले, उठावाचे अक्षर ४ बाय ६ च्या कागदावर वाचता येत नाही, आणि हा फोटो साठीच्या पुढची माणसेही हातात घेणार आहेत.

चेहऱ्याला हात लावू नका

चौकटीच्या ॲपमध्ये शिरले की ते न विचारता चेहरा ‘सुंदर’ करून देते. सुंदर म्हणजे काय, तर गोरा, गुळगुळीत, नाक थोडे चाफेकळी. उन्हातान्हात गवंड्याच्या हाताखाली काम केलेल्या आजीचा चेहरा गोरा करून भिंतीवर लावला जातो आणि नातवंडांना ती तशीच होती असे वाटते. त्वचेच्या रंगावरून माणसाची किंमत करण्याच्या ज्या सवयीने आपल्याला शतकानुशतके छळले, ती एका बटणाने घरात येते. हे बटण बंद करा. जुन्या फोटोवरचा ओरखडा, बुरशीचा डाग काढायला हरकत नाही. पण कृत्रिम बुद्धिमत्तेने ‘स्पष्ट’ करून दिलेल्या धूसर चेहऱ्यातले डोळे यंत्राने कल्पनेने काढलेले असतात. ते आजोबांचे नसतात.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्यातला सर्वांत गंभीर भाग. अत्याचाराची घटना घडली की काही तासांत पीडित मुलीचा फोटो, भोवती मेणबत्त्यांची चौकट, खाली ‘न्याय मिळालाच पाहिजे’, असे तयार होऊन फिरू लागते. करणाऱ्याच्या मनात संताप असतो, तो आम्ही समजू शकतो. पण लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम ७२ त्यासाठी आहे, बालक असेल तर पोक्सो कायद्याचे कलम २३ ही लागते. नाव, फोटो, शाळा, घरचा पत्ता, कुटुंबाची ओळख पटेल असे काहीही चालत नाही. मुलीचा मृत्यू झाला असला तरी ही बंदी उठत नाही. प्रत्यक्षात त्याचा त्रास आरोपीला नव्हे, तिच्या घरच्यांना होतो. बहिणीची शाळा सुटते, स्थळे मोडतात, कुटुंब गाव सोडते. निषेधाचा फलक करायचा असेल तर अक्षरांचा करा. फोटो आलाच तर पुढे पाठवू नका, ज्याने पाठवला त्याला फोन करून काढायला सांगा.

इतर फोटोंनाही संमती लागतेच. वस्तीतल्या मुलांना वह्या वाटताना काढलेला फोटो, आजारी माणसाला मदतीचा धनादेश देतानाचा फोटो, यांना मंडळाची चौकट घालून फिरवण्याआधी त्या माणसाला विचारावे. मदत घेतानाचा आपला चेहरा गावभर फिरावा असे कोणाला वाटत नाही.

फाइल कशी ठेवावी

चौकट झाल्यावर तीन फाइली राहतात. एक मूळ स्कॅन, हात न लावलेला. दुसरी गिम्पची स्वतःची एक्ससीएफ फाइल, जिच्यात मजकूर आणि पिंपळपान वेगवेगळे थर म्हणून टिकतात. उद्या कोणी तिसऱ्या माणसाचे नाव सांगितले तर ते याच फाइलमध्ये भरता येते. त्यासाठी शेवटचे ‘फ्लॅटन’ करण्याआधी ही फाइल जपून ठेवा. तिसरी छपाईसाठी आणि पाठवण्यासाठीची जेपीईजी. ‘फाइल’, ‘एक्सपोर्ट ॲज’, गुणवत्ता ९० ते ९५. जेपीईजी पुन्हा पुन्हा उघडून साठवली की दरवेळी थोडी झिजते, म्हणून दुरुस्ती नेहमी दुसऱ्या फाइलमध्ये करायची.

फाइलला ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल नवीन २’ अशी नावे देऊ नका. साल, गाव, आडनाव या क्रमाने दिले की फोल्डर उघडताच फोटो सालाप्रमाणे लागतात. प्रती दोन ठिकाणी ठेवा. एक घरच्या संगणकात किंवा पेन ड्राइव्हवर, दुसरी विहाराच्या वाचनालयात. आणि लॅबमध्ये गेलाच आहात तर ४ बाय ६ ची एक छापील प्रत जादा काढा. तिच्या पाठीमागेही, फोटोवर छाप उमटणार नाही अशा बेताने, मऊ पेन्सिलीने नाव, गाव, साल लिहून ठेवा.